फेत्ताची साक्ष

बूसाद : ...तिथंच तुम्ही शहरातली माणसं घसरता. आपल्या डोंगरी भाषेत कानाची क्रियापदं सोपी असतात, पोरी. 'स्लिघ', मी ऐकलं. झालं. आवाज आला, कानात शिरला, माणसाचा त्यात काही हात नाही.

द्रिफा : म्हणजे 'ऐकलं' म्हणणाऱ्यावर कसली जबाबदारी येत नाही?

बूसाद : कसली यायची? गाढव ओरडलं, मी ऐकलं. जबाबदारी गाढवाची. टेप फिरतोय ना?

द्रिफा : फिरतोय, दा बूसाद. लाल दिवा लागलाय तोवर फिरतोय.

बूसाद : सुरुवातीला बोललो ते आलं का त्यात?

द्रिफा : आलं. बूसाद, गाव इघिल उलमू, वय अडुसष्ट, छत्तीस वर्षं कोर्टात दुभाषी. कागदावर सहीही घेतलीय तुमची. प्रत्येक उदाहरणाखाली बोलणाऱ्याचं नाव, गाव आणि साल आलंच पाहिजे, हा नियम शब्दकोश मंडळात तुम्हीच घातलात ना?

बूसाद : मीच! भांडून घातला. राजधानीतले प्राध्यापक म्हणत होते, नावं कशाला, जागा खातात. मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, शब्दाला धनी पाहिजे. कुणी उच्चारला, कुठं, केव्हा. नाहीतर तो बेवारस. जुहर! अगं, कॉफीचं काय झालं? पाहुणी दुपारपासून ताटकळलीय.

जुहर : आणते. दोनच हात दिलेत देवानं.

बूसाद : हं. पुढे.

द्रिफा : डोळ्यांची घेऊ. 'वालाघ'.

बूसाद : 'वालाघ', मी पाहिलं. ह्या डोळ्यांनी. समोर उजेड, समोर वस्तू, मध्ये काही आडवं नाही. टेकडीवर कोल्हा होता, वालाघ. शेजारणीची सून नवा झगा घालून झऱ्यावर चालली होती, वालाघ.

जुहर : ते बरोबर लक्षात राहतं यांच्या.

बूसाद : तू आपली कॉफी बघ!

द्रिफा : आणि 'ज्रिघ'?

बूसाद : आत्ता आलीस मुद्द्यावर. याच एका क्रियापदासाठी मंडळानं तुला हे चार घाट चढायला लावले असणार. 'ज्रिघ' म्हणजे मी पाहिलं. आणि 'ज्रिघ' म्हणजेच, मला ठाऊक आहे. एका घोंगडीखाली झोपलेले दोन भाऊ. आपल्या वाडवडलांचा विचार बघ कसा होता. माणूस बघतो ते क्षणाचं असतं, मग ते आत जाऊन बसतं आणि ठाऊक होतं. पाहणं संपतं, ठाऊक असणं उरतं. अरबीत त्याला दोन वेगळे शब्द लागतात. फ्रेंचमध्येही दोन. आपल्यात एक पुरतो.

द्रिफा : मग कुणी 'ज्रिघ' म्हणालं, तर दोघांतला कोणता भाऊ उठून बसला, हे ओळखायचं कसं?

बूसाद : मागचापुढचा संदर्भ बघायचा. बोलणारा कोण, बोलतोय कशाबद्दल. आणि एक बारीकसा 'द' असतो. 'ज्रिघ इदीर' म्हटलं, तर मी इदीरला पाहिलं. 'ज्रिघ द इदीर' म्हटलं, तर मला ठाऊक आहे की तो इदीर. तो 'द' मुंगीएवढा. पण तो आला की डोळ्यांचा संबंध तुटला. परक्याच्या कानाला तो लागतच नाही.

द्रिफा : तुमच्या कानाला लागतो.

बूसाद : माझ्या? छत्तीस वर्षं त्याच 'द'ची भाकरी खाल्ली मी. न्यायाधीश सगळे किनाऱ्याकडचे, त्यांना आपलं एक अक्षर कळत नव्हतं. आपल्या माणसांना अरबी कळत नव्हती. मध्ये कोण? बूसाद. उगाच नाही लोक मला भाषेचा राखणदार म्हणत.

द्रिफा : एक शंका आहे. आंधळा माणूस 'वालाघ' म्हणेल?

बूसाद : आंधळा कसा म्हणेल?

द्रिफा : आणि 'ज्रिघ'?

बूसाद : म्हणेल की. दिवसातून दहादा म्हणेल. ज्रिघ, वारा फिरलाय. ज्रिघ, भाकरी करपली. ठाऊक आहे, अशा अर्थानं. त्याच्या तोंडी त्याचा दुसरा अर्थ होऊच शकत नाही.

द्रिफा : होऊच शकत नाही?

बूसाद : अगं, डोळेच नाहीत तर! लिहून घे. आंधळ्याचा 'ज्रिघ' तो ठाऊक असण्याचा. पुढं माझं नाव टाक.

द्रिफा : टाकलं. आता याला एक उदाहरण हवं.

बूसाद : दिलं ना आत्ता. भाकरी करपली.

द्रिफा : त्याला धनी नाही. तुमच्याच नियमानं बेवारस ते. माझ्याकडे एक आहे, तपासून द्या. बोलणारी, फेत्ता. गाव इघिल उलमू. साल एकोणीसशे बहात्तर.

(कपबशी खाली ठेवल्याचा आवाज.)

बूसाद : कोण फेत्ता?

जुहर : कोण फेत्ता काय विचारता? घाण्यासमोरची फेत्ता. आंधळी.

बूसाद : तुला कुणी विचारलं? पोरी, तू नाव काय सांगितलंस तुझं?

द्रिफा : द्रिफा.

बूसाद : ते झालं. आडनाव सांगितलंस ते नवऱ्याचं?

द्रिफा : नवऱ्याचं.

बूसाद : आणि बापाचं नाव?

द्रिफा : अक्ली. जैतुनाच्या घाण्यावर कामाला होता तो अक्ली.

जुहर : या अल्लाह! अक्लीची थोरली! अगं, तुझ्या त्या दोन वेण्या... थोरल्या पुरुषाला 'दा', थोरल्या बाईला 'ना' म्हणत फिरायचीस... तुला मामानं नेलं होतं ना?

द्रिफा : नऊ वर्षांची असताना नेलं, ना जुहर. गावात आम्हाला कुणी विस्तव देईना, तेव्हा.

बूसाद : हे बघ, बंद कर ते यंत्र. तू मंडळाकडून आलीस म्हणून मी दार उघडलं. घरात घेतलं. मीठभाकर खायला घालणार होतो. असं फसवून यायचं?

द्रिफा : मंडळाकडूनच आलेय. 'पाहणे आणि ऐकणे' हा सगळा भाग माझ्याकडे आहे. पत्र दाखवलंय तुम्हाला. यात फसवणूक कुठली?

बूसाद : मग कोल्ह्याची उदाहरणं घे आणि जा.

द्रिफा : जाते. आधी हे तपासून होऊ दे. बहात्तरच्या जानेवारीत, हंगाम ऐन भरात असताना, भर दुपारी घाणा पेटला. म्हातारा हम्मू राखणदार आत झोपला होता, तो जळून मेला. आठ दिवसांपूर्वी मालकानं माझ्या बापाला कामावरून काढलं होतं, आणि बाप चौकात ओरडला होता, जळो तुझा घाणा! त्याच्याविरुद्ध एवढंच होतं. एक शिवी. शिवीला पंधरा वर्षं होत नाहीत, दा बूसाद. मग उन्हाळ्यात खटला उभा राहिला, आणि कोर्टात फेत्ताला आणलं. तिचं दार घाण्यासमोर होतं म्हणून.

बूसाद : मी नव्हती आणली. पोलिसांनी आणली. मी पगारी माणूस. इकडचं ऐकायचं, तिकडं सांगायचं.

द्रिफा : तिकडं काय सांगितलंत ते वाचून दाखवते. तीन वर्षं अर्ज करून फाइलीची नक्कल मिळवलीय. "साक्षीदार बाई शपथेवर सांगते, अक्लीला आग लावताना मी माझ्या दोन डोळ्यांनी पाहिलं." दोन डोळ्यांनी. फेत्ताचे दोन्ही डोळे माझ्या जन्माआधीच दुधासारखे झाले होते.

बूसाद : न्यायाधीशाला डोळे होते ना? त्यानं बघायचं.

द्रिफा : त्यानं विचारलं होतं. तेही फाइलीत आहे. "बाईला हाताला धरून का आणलं, असं विचारता दुभाष्यानं खुलासा केला की बाईचे गुडघे दुखतात."

बूसाद : दुखतच होते तिचे गुडघे!

द्रिफा : खरंय. त्यात तुम्ही खोटं बोलला नाहीत.

बूसाद : जीभ सांभाळ. तुझ्या बापाच्या वयाचा आहे मी.

द्रिफा : या वयाचे तुम्ही झालात, माझा बाप झाला नाही. सदतिसाव्या वर्षी तुरुंगात रक्त ओकून गेला. सहावा हिवाळा होता. प्रेत आलं तेव्हा खांद्यावर घ्यायला चार माणसं जमेनात. मामा, मामाचे दोघं मुलगे, आणि चौथा ट्रकचा ड्रायव्हर. तो परगावचा होता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

जुहर : मी खिडकीतून बघत होते.

द्रिफा : सगळं गाव खिडकीतून बघत होतं, ना जुहर.

बूसाद : आणि म्हणून आता तेहेतीस वर्षांनी तू माझ्या दारात आलीस. फेत्ताकडे का गेली नाहीस? साक्ष तिची होती. शब्द तिचा होता. मी घरून आणला नव्हता.

द्रिफा : गेले होते की. सगळ्यांत आधी तिच्याकडेच गेले. बाप तुरुंगात जाऊन वर्ष झालं होतं. आई रोज भाकरी थापताना तिला शिव्या द्यायची. फेत्तानं नाव घेतलं, फेत्तानं नाव घेतलं. मी आठ वर्षांची होते. फेत्ता भिंतीला हात लावत झऱ्यावरून येत होती, डोक्यावर घागर. मी दगड उचलला आणि नेम धरून मारला. कपाळावर लागला. घागर फुटली. ती तिथंच बसली, रक्त आणि पाणी एकत्र गळत होतं. आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाली, 'ज्रिघ, कोण आहेस ते.'

जुहर : तिनं आम्हाला सांगितलं, घसरून पडले म्हणून.

द्रिफा : ठाऊक आहे. कुणालाच सांगितलं नाही तिनं. मी आठ दिवस वाट बघितली, आता घरी येईल, आता आईला सांगेल. नाही आली. मग पुढे केव्हातरी विद्यापीठात बसले होते, समोर हेच क्रियापद. पाहणे, ठाऊक असणे. प्राध्यापक फळ्यावर बाण काढत होते, आणि मला ती आठवली. आंधळी बाई 'ज्रिघ' म्हणाली होती मला. डोळे नसताना म्हणाली होती. श्वासावरून ओळखलं असेल, चपलेवरून ओळखलं असेल. तेव्हा डोक्यात आलं, कोर्टातही ती हेच म्हणाली असेल. मग तिकडे 'दोन डोळे' कुठून आले? त्या खोलीत दोन्ही भाषा कळणारा माणूस एकच होता.

बूसाद : शब्दाला दोन अर्थ आहेत! दोन अर्थ असतील तर माणूस एखादा घेतो. गर्दी होती, उकाडा होता, न्यायाधीश घाई करत होता. दुभाष्याची चूक होऊ शकते. जगात कुठल्या दुभाष्याची होत नाही?

द्रिफा : होते. पण मघाशी तुम्हीच म्हणालात, आंधळ्याच्या तोंडी त्याचा दुसरा अर्थ होऊच शकत नाही. मी दोनदा विचारलं. तुम्ही म्हणालात, माझं नाव टाक. टाकलं.

बूसाद : सापळा लावलास.

द्रिफा : शिकवलंत तुम्ही. मी नुसती ऐकत होते. गाढव ओरडलं, मी ऐकलं.

बूसाद : काय हवंय तुला? कोर्टात जातेस? जा. मुदत संपून जमाना झाला. न्यायाधीश गेला, वकील गेला, घाण्याचा मालक गेला. मेलेल्यांना समन्स पाठवतेस?

द्रिफा : कोर्टाशी मला काय करायचंय? मी शब्दकोशवाली बाई. माझं काम झालंय. नोंद लिहून तयार आहे, मसुदा परवा छापखान्यात जातोय. फक्त तुमचं मत जोडायचं राहिलं होतं, ते आज मिळालं. वाचू?

बूसाद : नको.

द्रिफा : ऐका तरी. "एक, पाहणे. दोन, ठाऊक असणे. आंधळ्या व्यक्तीच्या तोंडी केवळ 'ठाऊक असणे' हाच अर्थ संभवतो. मत, बूसाद, इघिल उलमू, दोन हजार पाच. उदाहरण, 'ज्रिघ.' बोलणारी, फेत्ता, जन्मापासून नव्हे पण चाळिशीपासून आंधळी, इघिल उलमू, एकोणीसशे बहात्तर. कोर्टातील दुभाषी बूसाद याने याचे भाषांतर 'मी माझ्या दोन डोळ्यांनी पाहिले' असे केले. त्यावर अक्ली यास पंधरा वर्षांची शिक्षा झाली. तो तुरुंगात वारला." बस. एवढंच. एक विशेषण घातलेलं नाही.

बूसाद : हे शब्दकोशात छापतात? शब्दकोश आहे की चावडी?

द्रिफा : आता शाळांतून आपली भाषा शिकवतात, दा बूसाद. तुमच्याच मंडळानं मिळवून दिलं ते. हे पुस्तक प्रत्येक शाळेत जाणार. तुमची नातवंडं सहावीत गेली की बाई फळ्यावर लिहितील, 'ज्रिघ'. आणि म्हणतील, मुलांनो, उदाहरण वाचा.

बूसाद : मी मंडळाला सांगून काढायला लावेन. अध्यक्ष माझ्या शब्दाबाहेर नाही.

द्रिफा : सांगा. पण त्यातलं चुकीचं काय, ते उभं राहून सांगावं लागेल. शब्दाचा अर्थ चुकला म्हणणार? तो तुम्हीच दिलाय. फेत्ताला दिसत होतं म्हणणार? तिला हाताला धरून घरी सोडणारी माणसं अजून जिवंत आहेत. मग राहिलं काय? माझं भाषांतर बरोबर होतं, एवढंच. तेवढं सभेत म्हणा. मी पहिल्या रांगेत बसेन.

बूसाद : पोरी... द्रिफा. ऐक. नाव नको. 'एका दुभाष्याने' असं कर. बाकी राहू दे.

द्रिफा : माझ्या बापाला एक कामगार म्हणाले होते का? मशिदीपाशी नाव घेऊन सांगितलं. अक्ली. आग लावणारा अक्ली. आम्ही झऱ्यावर गेलो की बायका घागरी उचलून घ्यायच्या. माझ्या धाकट्या भावाची सुंता करायला न्हावी येईना. त्याला मामाच्या गावी नेऊन केली. आणि तुम्हाला 'एक दुभाषी' व्हायचंय?

बूसाद : मी त्याचं वाईट चिंतलं नव्हतं. खोटं नाही बोलत. मला वाटलं, दोन वर्षं देतील, तीन देतील. सुटून येईल.

द्रिफा : मग डोळे कशाला दिलेत तिला? 'लोकांकडून कळलं' म्हटलं असतंत, तर सुटलाच असता. एवढी काय गरज पडली होती?

बूसाद : ते तुला सांगायला मी बांधील नाही.

जुहर : मी सांगते.

बूसाद : जुहर, आत जा.

जुहर : पंचेचाळीस वर्षं आतच आहे मी. पोरी, ते तांबडं बोंड लागलंय ना अजून?

द्रिफा : लागलंय.

जुहर : मग ऐक. फेत्ताला कोर्टात हाताला धरून मी नेलं. हेच म्हणाले, तू ने, तुझ्यावर तिचा विश्वास आहे. मी तिच्या शेजारी उभी होते, माझा खांदा तिच्या हातात. न्यायाधीश काहीतरी बोलला. यांनी आपल्या भाषेत विचारलं, 'ना फेत्ता, आग कुणी लावली, ठाऊक आहे का?' पाहिलं का, असं नाही विचारलं. ती म्हणाली, 'ज्रिघ द अक्ली, असं गाव म्हणतंय. मी आंधळी, मला काय दिसायचं? मी भाकरी करत होते.' असं म्हणाली. अर्ध्यातच यांनी हात वर केला. 'पुरे, ना फेत्ता.' आणि तिकडं वळून अरबीत दोन शब्द बोलले. मला वाटलं, एवढी लांबड ती बोलली आणि यांचे दोनच शब्द? म्हटलं, अरबी तशी असेल. आटोपशीर.

बूसाद : तुला अरबी कळत नव्हती! तुला काय कळणार मी काय बोललो?

जुहर : तिथं नाही कळलं. घरी आल्यावर कळलं. मेझियान मोरीत बसून रडत होता, आणि तुम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, 'जा आता मार्सेलला. झालं काम.'

द्रिफा : मेझियान? यांचा भाऊ?

जुहर : धाकटा. वीस वर्षांचा. आता माझं उदाहरण घे, पोरी. यात 'ज्रिघ' नाही. 'वालाघ.' मी पाहिलं. त्या दुपारी मी परड्यात कोंबड्यांना दाणे टाकत होते. मेझियान कुंपणावरून उडी मारून आला. अंगावर लोकरी डगला, त्याची खालची कड जळालेली, अजून धुरत होती. अंगाला तेलाचा वास. माझ्याकडे बघितलं आणि डगला काढून माझ्या अंगावर फेकला. मी तो धुतला. राख लावून तीनदा धुतला. कड कापली आणि दुमडून शिवली. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

बूसाद : विडी होती ती! विडी टाकली त्यानं, पेंड वाळलेली होती, पेटली. मुद्दाम नव्हती लावली. आत हम्मू झोपलाय हे त्याला ठाऊक नव्हतं. आईनं माझे पाय धरले, द्रिफा. सख्ख्या आईनं. म्हणाली, तू कोर्टात आहेस, तुझ्या तोंडात माझं पोर आहे. वीस वर्षांचा होता गं. फाशी दिली असती त्याला.

द्रिफा : माझा बाप एकतीस वर्षांचा होता. त्याच्या आईनं कुणाचे पाय धरायचे होते?

बूसाद : मेझियान गेला आता. मागच्या वर्षी, तिकडंच. त्याला तरी सोड.

द्रिफा : त्याचं नाव मला आत्ता कळलं. म्हणजे तो मसुद्यात नव्हता. आता येईल.

बूसाद : तुझ्या पोटात दगड आहे, दगड.

द्रिफा : होय. आठव्या वर्षापासून आहे. चुकीच्या बाईला मारला, तो परत घेऊन आलेय. फेत्ता मेली तेव्हा तिच्या मयताला किती माणसं होती, ना जुहर?

जुहर : इमाम. मी. आणि तिची शेळी दोर तोडून मागं आली होती.

द्रिफा : तिला कधी कळलं, तिच्या नावावर कोर्टात काय लिहिलं गेलं ते?

जुहर : कळलं. तुझ्या बापाला शिक्षा झाली त्याच दिवशी, चौकात कुणीतरी म्हणालं, शाब्बास फेत्ता, डोळे फुटले तरी बघितलंस! ती माझ्याकडे आली. म्हणाली, जुहर, मी असं म्हटलं का गं? तू होतीस ना शेजारी? आणि मी म्हटलं... मी म्हटलं, मला नीट ऐकू आलं नाही.

बूसाद : बघ! बघ, हीसुद्धा! तेहेतीस वर्षं गप्प बसली आणि आता माझ्यावर फिरते! तुझ्याही अंगाशी येतंय हे, जुहर, कळतंय का तुला?

जुहर : कळतंय. म्हणून तर बोलले. पोरी, माझं लिही. बोलणारीचं नाव पाहिजे ना खाली?

द्रिफा : ना जुहर, मी तुमच्यासाठी नव्हते आले. तुमचं नाही छापलं तरी चालेल मला.

जुहर : तुला चालेल. मला नाही चालत. डगला मी धुतला. फेत्ताला तोंडावर खोटं मी सांगितलं. यांचं नाव घालशील आणि माझं गाळशील, तर तूही यांच्यासारखंच अर्धं सांगणारी झालीस.

द्रिफा : विचार करा. उद्या गाव तुमच्या तोंडावर बोलेल. तुमच्या मुली...

जुहर : मुलींना मीच सांगेन. लिही. 'वालाघ.' बोलणारी, जुहर.

द्रिफा : जुहर. बूसादची...

जुहर : त्यांचं नको लावू. बापाचं लाव. अम्रानची मुलगी. गाव माझ्या माहेरचं, आयत समर. साल तेच.

द्रिफा : लिहिलं.

जुहर : वाचून दाखव.

द्रिफा : "वालाघ, मी पाहिलं. बोलणारी, जुहर, अम्रानची मुलगी, आयत समर, एकोणीसशे बहात्तर."

जुहर : बरं दिसतं. तुझी आई आहे ना गं अजून?

द्रिफा : आहे. खाली, भावाकडे असते. पण ती बोलेल असं नाही.

जुहर : नको बोलू दे. मी उंबऱ्याबाहेर बसेन. तुझ्या गाडीत जागा आहे?

द्रिफा : आहे. पण ती हाकलून देईल तुम्हाला. तिला मी सांगितलं ना डगल्याचं, तर ती...

जुहर : तू नको सांगूस. ते मी सांगायचंय. थांब, शाल घेते.

बूसाद : कुठं निघालीस? जुहर! ह्या वयात लोकांना तमाशा दाखवतेस? ही पोर आपलं वैर काढायला आली आणि तू तिच्या गाडीत बसतेस? मी नवरा आहे तुझा. अगं, मी आजारी माणूस, रक्तदाबाची गोळी कोण देणार मला? आणि... आणि रात्री मी खायचं काय?

जुहर : वाळलेली अंजिरं आहेत टोपलीत. घ्या हातानं.